तिसगाव परिसरातील सरकारी शाळा : पटसंख्या व गुणवत्ता यांची तुलना

तिसगाव हे महाराष्ट्राच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यातील एक गाव आहे. या गावासारख्या मर्यादित परिसरातील शाळांची पटसंख्या आणि विद्यार्थ्यांची शैक्षणिक गुणवत्ता यांची तुलना कोणत्या आधारांवर केली जाते, त्या आधारांच्या मर्यादा कोणत्या आणि तुलनेतून काढलेल्या निष्कर्षांचा शाळांवर कोणता परिणाम होतो, यांची माहिती या लेखात दिली आहे. शिक्षकांची पदे, शाळा चालू राहणे किंवा तिचे समायोजन होणे आणि पालकांची शाळेची निवड या तिन्ही गोष्टी या आकड्यांवर अवलंबून असतात. त्यामुळे हा विषय केवळ सांख्यिकीचा राहत नाही.

परिसर

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर आहे. जिल्ह्यात १४ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर करण्यात आले. त्यापूर्वीच्या सर्व शैक्षणिक अहवालांत जिल्ह्याची नोंद जुन्या नावाने आढळते.

पाथर्डी तालुका जिल्ह्याच्या पूर्व भागात बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. अहिल्यानगरहून करंजी घाट उतरून पाथर्डीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर तिसगाव वसले आहे. मढी येथील कानिफनाथांचे समाधिस्थान आणि वृद्धेश्वर ही तीर्थस्थाने याच भागात आहेत. तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असल्याने येथील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी हंगामी स्थलांतर करतात. दुसरीकडे, तालुक्यातील आदिनाथनगर येथे वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. तालुक्यातून बाहेर जाणाऱ्या तोडणी कामगारांप्रमाणेच कारखान्याच्या कार्यक्षेत्रात बाहेरून टोळ्याही येतात. शाळांच्या पटावर आणि हजेरीवर या दोन्ही हालचालींचा परिणाम होतो.

महामार्गावरील मोठे गाव आणि त्याच्याभोवती विखुरलेल्या वाड्या-वस्त्या ही रचना शाळांच्या तुलनेत महत्त्वाची ठरते. मोठ्या गावातील शाळेत आसपासच्या गावांतील मुलेही येतात, तर वस्तीवरील शाळेत केवळ त्या वस्तीतील मुले असतात. त्यामुळे एका गावातील शाळांचा पट आणि त्या गावातील मुलांची संख्या या दोन गोष्टी सारख्या नसतात.

प्रशासकीय पार्श्वभूमी

अहमदनगर शहरात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मराठी मिशनने शाळा सुरू केल्या. त्यांपैकी सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा विशेष प्रसिद्ध आहेत. ग्रामीण भागात शिक्षणाचा प्रसार स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत झाला. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ नुसार प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा शाळा मंडळांकडे होता. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ च्या अंमलबजावणीनंतर, म्हणजे १ मे १९६२ पासून, तो जिल्हा परिषदांकडे आला. जिल्हा स्तरावर शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुका स्तरावर पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या खाली विस्तार अधिकारी व केंद्रप्रमुख आणि शाळेत मुख्याध्यापक अशी या व्यवस्थेची उतरंड आहे. केंद्र म्हणजे जवळपासच्या काही शाळांचा गट होय. परिसरातील शाळांच्या तुलनेसाठी हाच सर्वांत लहान प्रशासकीय एकक वापरला जातो.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयोगटातील मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यानुसार संमत झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अंतराच्या आत शाळा उपलब्ध असणे अपेक्षित आहे. वस्त्यांवरील लहान शाळांची संख्या वाढण्यामागे हे अंतराचे निकष आणि त्याआधीची वस्तीशाळा योजना ही दोन प्रमुख कारणे आहेत.

शाळांचे प्रकार

मराठी व्यवहारात ‘सरकारी शाळा’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. तुलना करताना पुढील चार प्रकार वेगळे ठेवावे लागतात.

१. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा : ग्रामीण भागात या जिल्हा परिषदेच्या असतात. बहुतेक शाळा पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंत आणि काही सातवी-आठवीपर्यंत असतात.

२. खासगी अनुदानित शाळा : शिक्षणसंस्था चालवतात, परंतु शिक्षकांचे वेतन शासन देते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा वाटा याच शाळांकडे आहे. त्या प्रायः पाचवी ते दहावी किंवा बारावीपर्यंत असतात.

३. खासगी विनाअनुदानित व अंशतः अनुदानित शाळा.

४. स्वयंअर्थसहाय्यित शाळा : २०१२ च्या स्वतंत्र अधिनियमानुसार स्थापन होणाऱ्या या शाळा शुल्कावर चालतात. त्यांपैकी बऱ्याच शाळा इंग्रजी माध्यमाच्या असतात.

‘असर’ या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या मांडणीत अनुदानित शाळा खासगी गटात येतात. त्यामुळे महाराष्ट्रातील वरच्या इयत्तांमध्ये खासगी शाळांचे प्रमाण मोठे दिसते, मात्र त्यांतील पुष्कळ मुले शासनाच्या वेतनावरील शिक्षकांकडेच शिकत असतात. या कारणाने महाराष्ट्राची तुलना अनुदानित शाळा कमी असलेल्या राज्याशी थेट करता येत नाही.

पटसंख्येची आधारसामग्री

शाळेतील मूळ नोंद म्हणजे जनरल रजिस्टर. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यात क्रमांक मिळतो आणि शाळा सोडल्याचा दाखला दिल्यावर त्याची नोंद पूर्ण होते. दैनंदिन उपस्थिती हजेरीपटावर नोंदवली जाते. या दोन नोंदींपैकी पहिली पट दाखवते, दुसरी प्रत्यक्ष शिकणारी मुले दाखवते.

शाळांची माहिती देशपातळीवर एकत्र करण्याची पद्धत १९९० च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात सुरू झाली. २०१२-१३ पासून पहिली ते बारावीची एकत्रित प्रणाली ‘यू-डायस’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१८-१९ पासून ‘यू-डायस प्लस’ ही तिची ऑनलाइन आवृत्ती लागू झाली. प्रत्येक शाळेला ११ अंकी सांकेतांक असतो. त्यांतील पहिले दोन अंक राज्याचे असून महाराष्ट्रासाठी ते २७ आहेत. त्यापुढील अंकांत जिल्हा, तालुका, गाव आणि शाळा यांचा क्रम येतो. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘सरल’ या संगणक प्रणालीत विद्यार्थीनिहाय नोंदी ठेवल्या जातात.

शिक्षकांची पदे निश्चित करण्याच्या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. तिच्यासाठी ३० सप्टेंबर रोजीचा पट ग्राह्य धरला जातो. शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २, ६१ ते ९० मुलांसाठी ३ आणि ९१ ते १२० मुलांसाठी ४ शिक्षक अपेक्षित आहेत. अशा टप्प्यांमुळे सीमारेषेवरील एक-दोन मुलांच्या फरकानेही शिक्षकाचे एक पद मिळते किंवा जाते. महाराष्ट्रात संचमान्यतेचे निकष २८ ऑगस्ट २०१५ आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयांनी बदलण्यात आले.

पट आणि पदे यांचा असा थेट संबंध असल्याने पट फुगवला जाण्याचा धोका राहतो. नांदेड जिल्ह्यातील तपासणीत मोठ्या प्रमाणावर बनावट पट आढळल्यानंतर राज्य शासनाने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यातील सर्व शाळांची एकाच वेळी पटपडताळणी केली. तीत पटावर असलेली, परंतु प्रत्यक्ष उपस्थित नसलेली लक्षावधी नावे आढळली. २०११ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवताना ही घटना विचारात घ्यावी लागते. त्या वर्षी आकड्यात दिसणारी घट म्हणजे तितकी मुले शाळेतून गेली असा अर्थ होत नाही.

देशपातळीवर असाच बदल पुढे झाला. यू-डायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून शाळानिहाय बेरजेऐवजी विद्यार्थीनिहाय माहिती घेतली जाऊ लागली. देशातील एकूण पट २०२१-२२ मध्ये सुमारे २६.५ कोटी होता, तो २०२३-२४ मध्ये सुमारे २४.८ कोटींवर आला. दुबार नावे वगळली जाणे हे या घटीचे एक कारण आहे. त्यामुळे २०२१-२२ पर्यंतची आणि त्यानंतरची आकडेवारी एका सलग रेषेत जोडणे योग्य ठरत नाही.

पटसंख्या बदलण्याची कारणे

जिल्हा परिषद शाळेचा पट घटला की मुले खासगी शाळेत गेली, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात पट बदलण्याची कारणे अनेक आहेत.

जन्मदरातील घट : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता. दोन मुलांच्या प्रतिस्थापन पातळीपेक्षा तो कमी आहे. साहजिकच पहिलीत दाखलपात्र मुलांची संख्याच घटते. समजा, एका गावात दहा वर्षांपूर्वी पहिली ते चौथीच्या वयाची १०० मुले होती आणि त्यांतील ८० जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. आज त्या वयाची ७५ मुले असून ६० त्या शाळेत आहेत. पट २५ टक्क्यांनी घटला, परंतु शाळेचा वाटा तेव्हाही ८० टक्के होता आणि आजही तेवढाच आहे. केवळ पट पाहणाऱ्यास येथे शाळेची पीछेहाट दिसेल, पण दाखलपात्र मुलांशी पट ताडून पाहिल्यास ती दिसणार नाही.

इयत्तांची रचना : महाराष्ट्रात पूर्वी पहिली ते चौथी प्राथमिक आणि पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक अशी विभागणी होती. शिक्षण हक्क अधिनियमानुसार ती पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी झाली. एखाद्या शाळेला पाचवीचा वर्ग जोडला गेला तर तिचा पट वाढतो, न जोडला गेल्यास चौथीनंतरची मुले जवळच्या माध्यमिक विद्यालयात जातात. ही गळती नसून संक्रमण होय. इयत्तावार आकडे न देता केवळ शाळेचा एकूण पट दिल्यास हा भेद लपतो.

शाळेची निवड : इंग्रजी माध्यम, बसची सोय आणि बालवाडीपासून सलग वर्ग यांमुळे काही पालक शुल्क आकारणाऱ्या शाळा निवडतात. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय शिकवला जातो आणि पुढे अनेक जिल्हा परिषद शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्गही सुरू झाले. निवडीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो असेही नाही. ‘असर’नुसार ग्रामीण महाराष्ट्रात ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६१.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ६७.४ टक्के झाले. देशपातळीवर हेच प्रमाण ६५.६ वरून ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. कोविड-१९ च्या काळात घटलेली कौटुंबिक उत्पन्ने आणि बंद पडलेल्या कमी शुल्काच्या शाळा हे या चढउताराचे प्रमुख स्पष्टीकरण मानले जाते.

पंचवीस टक्के राखीव जागा : शिक्षण हक्क अधिनियमानुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्या लागतात. सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळेला यातून सूट देणारी दुरुस्ती राज्य शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै २०२४ मध्ये रद्द ठरवली.

हंगामी स्थलांतर आणि पट

पाथर्डी तालुक्यातील शाळांच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित राहणारा मुद्दा स्थलांतराचा आहे. ऊसतोडणीचा हंगाम सामान्यतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तोडणीचे काम पती-पत्नीच्या जोडीने केले जाते. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून मिळणारी उचल त्याच जोडीच्या हिशेबाने ठरते. घरी सांभाळणारे कोणी नसल्यास मुलेही फडावर जातात.

संचमान्यतेचा दिनांक ३० सप्टेंबर असल्याने पटाची मोजणी मुले गावात असताना होते. हंगाम त्यानंतर सुरू होतो. समजा, शाळेचा पट ४० असून त्यांतील १२ मुलांचे पालक तोडणीला जातात. चार मुले आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात राहिली आणि आठ गेली, तर सर्व उरलेली मुले रोज आली तरी हिवाळ्यातील उपस्थिती ८० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. वार्षिक किंवा संकलित चाचणी याच काळात किंवा त्यानंतर लगेच होत असल्याने या आठ मुलांच्या चार-पाच महिन्यांच्या खंडाचा भार शाळेच्या सरासरी निकालावर पडतो. स्थलांतर नसलेल्या शाळेशी अशा शाळेची तुलना करताना वर्षभर सलग उपस्थित राहिलेल्या मुलांचा निकाल वेगळा काढणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

स्थलांतर रोखण्यासाठी शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत हंगामी वसतिगृहे चालवली जातात. त्यांत मुले गावातच नातेवाइकांकडे राहतात आणि त्यांच्या जेवणाची सोय केली जाते. बाहेरगावी जाणाऱ्या मुलाला जेथे पोहोचेल तेथील शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड दिले जाते. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळांचा प्रयोगही झाला. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली. तिच्या पहिल्या टप्प्यात बीड, अहमदनगर आणि जालना या जिल्ह्यांतील १० तालुक्यांत २० वसतिगृहांना मान्यता देण्यात आली.

गुणवत्तेची मापने

एका शाळेची गुणवत्ता एकाच आकड्याने सांगता येत नाही. प्रचलित मापने पुढीलप्रमाणे आहेत.

‘असर’ : ‘प्रथम’ या संस्थेचे हे सर्वेक्षण २००५ पासून होते. २०१४ पर्यंत ते दरवर्षी होत असे, त्यानंतर मूळ स्वरूपात ते साधारणतः वर्षाआड होते. मुलांच्या घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा उताऱा वाचता येतो का, हातच्याची वजाबाकी व भागाकार जमतो का, हे पाहिले जाते. देशातील सरकारी शाळांत तिसरीतील दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के होती. एका जिल्ह्यात ३० गावे आणि प्रत्येक गावात २० घरे असा नमुना असल्याने या सर्वेक्षणावरून एका गावाविषयी विधान करता येत नाही.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण : शासनाचे हे सर्वेक्षण शाळेत घेतले जाते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी ते तिसरी, पाचवी, आठवी व दहावीसाठी झाले. ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ या नावाने ते तिसरी, सहावी आणि नववीसाठी झाले. त्याचे निष्कर्ष जिल्हा स्तरापर्यंत मिळतात.

राज्यस्तरीय चाचण्या : २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात पायाभूत व संकलित चाचण्या आल्या. २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या घेतल्या जातात. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी २०२१ पासून ‘निपुण भारत’ अभियानाची उद्दिष्टे वापरली जातात. या चाचण्या प्रत्येक मुलाची घेतली जात असल्याने शाळेच्या पातळीवर उपयोगी ठरतात, मात्र त्या तपासणारे बहुधा त्याच शाळेतील शिक्षक असतात.

शिष्यवृत्ती परीक्षा : महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही परीक्षा घेते. पूर्वी ती चौथी व सातवीसाठी होती, २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीसाठी घेतली जाऊ लागली. ग्रामीण भागात शाळेचे नाव याच परीक्षेवरून होते. परंतु एका शाळेने पाचवीतील २० पैकी निवडक ५ मुले बसवली आणि पाचही पात्र ठरली, तर निकाल १०० टक्के दिसतो. दुसऱ्या शाळेने २० च्या २० मुले बसवून १० पात्र ठरली, तर निकाल ५० टक्के दिसतो. वर्गातील एकूण मुलांच्या प्रमाणात पाहिल्यास पहिल्या शाळेची २५ टक्के आणि दुसरीची ५० टक्के मुले पात्र ठरली आहेत.

दहावीचा निकाल : जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना दहावीचे वर्ग नसल्याने माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल हा प्रामुख्याने अनुदानित व स्वयंअर्थसहाय्यित विद्यालयांचा असतो. त्यामागे आधीच्या प्राथमिक शाळेचे श्रेय किंवा उणीव किती, हे त्यातून कळत नाही.

तुलनेतील सांख्यिकीय अडचणी

लहान संख्या : वस्तीवरील शाळेच्या एका इयत्तेत आठ मुले असतील आणि त्यांतील पाच वाचत असतील, तर प्रमाण ६२.५ टक्के होते. आणखी एक मूल वाचू लागले की ते ७५ टक्के होते. इतक्या लहान वर्गात एका वर्षाची टक्केवारी ही गुणवत्तेतील बदल दाखवते की एका मुलाचे आजारपण, हे सांगता येत नाही. म्हणून अशा शाळांचे सलग तीन वर्षांचे आकडे एकत्र केले जातात किंवा टक्केवारीऐवजी प्रत्यक्ष संख्या दिली जाते.

नोंदणी गुणोत्तर : एखाद्या स्तरावरील एकूण पटाला त्या वयोगटातील लोकसंख्येने भागून १०० ने गुणले असता स्थूल नोंदणी गुणोत्तर मिळते. अधिक वयाची मुले आणि बाहेरगावाहून येणारी मुले पटात धरली जात असल्याने मोठ्या गावात ते १०० च्या पुढे जाऊ शकते, तर शेजारच्या वाडीत फारच कमी दिसते. हे गुणोत्तर जिल्हा किंवा राज्यासाठी अर्थपूर्ण आहे, एका गावासाठी दिशाभूल करणारे ठरते.

विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी : दोन शाळांच्या सरासरी निकालातील फरक हा शिकवण्यातील फरक असेलच असे नाही. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेत ४० मुले असून ३० मुले घरातील पहिली शिकणारी पिढी आहेत. त्यांतील १५ वाचतात. उरलेल्या सुशिक्षित घरांतील १० मुलांपैकी ९ वाचतात. एकूण प्रमाण ४० पैकी २४, म्हणजे ६० टक्के होते. खासगी शाळेतही ४० मुले आहेत. त्यांतील पहिल्या पिढीच्या १० मुलांपैकी ४ आणि सुशिक्षित घरांतील ३० पैकी २६ वाचतात. एकूण प्रमाण ४० पैकी ३०, म्हणजे ७५ टक्के होते. वरवर खासगी शाळा १५ गुणांकांनी पुढे आहे. परंतु पहिल्या पिढीच्या मुलांत जिल्हा परिषद शाळेचे प्रमाण ५० टक्के आणि खासगी शाळेचे ४० टक्के आहे. सुशिक्षित घरांतील मुलांतही ते अनुक्रमे ९० व सुमारे ८७ टक्के आहे. दोन्ही गटांत पुढे असलेली शाळा एकूण सरासरीत मागे पडते. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

सरकारी व खासगी शाळांवरील संशोधन

पार्श्वभूमीचा हा प्रश्न सोडवण्यासाठी आंध्र प्रदेशातील १८० गावांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी प्रयोग केला. खासगी शाळेचे शुल्क भागवणारी शिष्यवृत्ती सोडत काढून देण्यात आली, त्यामुळे शिष्यवृत्ती मिळालेली आणि न मिळालेली मुले पार्श्वभूमीने सारखी होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हिंदीत खासगी शाळांतील मुले पुढे होती, कारण तेथे त्या विषयाला अधिक वेळ दिला जात होता. त्याच वेळी खासगी शाळांचा प्रतिविद्यार्थी खर्च सरकारी शाळांच्या एक-तृतीयांशाहून कमी होता. या निष्कर्षाचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला जातो. खासगी शाळेत घातल्याने भाषा व गणित आपोआप सुधारत नाही, हे त्यातून दिसते. सरकारी शाळेवर होणाऱ्या अधिक खर्चाचे रूपांतर अधिक शिकण्यात होत नाही, हेही दिसते.

कमी पटाच्या शाळा

शिक्षण विभागाच्या २०२३ मधील आकडेवारीनुसार राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी शिकत होते. सप्टेंबर २०२३ मध्ये अशा शाळांऐवजी समूह शाळा स्थापन करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने मागवले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील समूह शाळा त्यासाठी नमुना म्हणून पुढे ठेवण्यात आल्या.

समायोजनाच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद असा, की दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता एकत्र शिकवण्यापेक्षा मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक, खेळाचे सोबती, ग्रंथालय व प्रयोगसाहित्य मिळते. विरोधी युक्तिवाद असा, की वस्तीवरील सहा-सात वर्षांच्या मुलाला, विशेषतः मुलीला, ओढा किंवा महामार्ग ओलांडून रोज दूर पाठवण्यास पालक धजत नाहीत. वाहनाची सोय सातत्याने टिकली नाही तर ज्यांच्यासाठी शाळा काढली त्यांचेच शिक्षण थांबते. शिवाय तोडणीला जाणाऱ्या पालकांनी मुलांना आजी-आजोबांकडे ठेवण्याचा निर्णय घेताना शाळा दाराशी असणे ही मोठी आश्वासक बाब असते.

कमी पट ही कायमची स्थिती नसते, याची उदाहरणेही राज्यात आहेत. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातील वाबळेवाडी आणि खेड तालुक्यातील जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळांचा पट लोकसहभागातून वाढला. जालिंदरनगरची शाळा २०२५ च्या जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोहोचली. मात्र एका शाळेचा वाढलेला पट हा काही अंशी शेजारच्या शाळांचा घटलेला पट असतो. म्हणून यशस्वी शाळेचा अभ्यास करताना संपूर्ण केंद्रातील एकूण पट पाहिला जातो.

गावपातळीवरील तुलनेची पद्धत

राष्ट्रीय सर्वेक्षणे गावापर्यंत पोहोचत नसल्याने तिसगावसारख्या परिसराची तुलना शाळांच्या मूळ नोंदींवरूनच करावी लागते. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क अधिनियमानुसार ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्मे सदस्यत्व महिलांना द्यावे लागते. शाळा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम असल्याने अशी तुलना तिच्या कक्षेत येते. तुलनेचे टप्पे पुढीलप्रमाणे मांडता येतात.

१. प्रथम मुले मोजावीत, नंतर पट. अंगणवाडीतील नोंदी, जन्मनोंदी आणि कुटुंब सर्वेक्षण यांवरून दाखलपात्र मुलांची यादी करून प्रत्येक मूल कोणत्या शाळेत आहे, याची नोंद घ्यावी. शाळाबाह्य मुले केवळ याच टप्प्यात दृष्टीस पडतात.

२. पट इयत्तावार व मुलामुलींचा वेगळा द्यावा. चौथी-पाचवीनंतरचे संक्रमण आणि गळती यांची वेगळी नोंद करावी.

३. पटासोबत ३० सप्टेंबर, जानेवारीअखेर आणि मार्चअखेर अशा तीन वेळची प्रत्यक्ष उपस्थिती द्यावी.

४. सर्व शाळांतील मुलांना एकच वाचन व गणित चाचणी द्यावी आणि ती शेजारच्या शाळेतील शिक्षकांनी घ्यावी.

५. वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस त्याच मुलांची चाचणी घेऊन प्रगती मोजावी. मूल कोठे आहे यापेक्षा ते वर्षभरात किती पुढे आले, हे शाळेच्या कामाचे अधिक न्याय्य माप आहे.

६. कमी पटाच्या शाळांसाठी तीन वर्षांची एकत्रित संख्या वापरावी आणि मुलांची नावे जाहीर न करता निष्कर्ष ग्रामसभेत मांडावेत.

या पद्धतीने काढलेल्या आकड्यांतून शाळांचा क्रम लावणे शक्य असले, तरी क्रम हा तिचा मुख्य उपयोग नव्हे. पट घटण्याचे कारण जन्मदर असेल तर उपाय समायोजनाच्या नियोजनात असतो, कारण स्थलांतर असेल तर वसतिगृहात असतो, आणि मुले गावात असून दुसरीकडे जात असतील तर वर्गातील अध्यापनात असतो. तिन्ही परिस्थितींत ३० सप्टेंबरचा पट सारखाच दिसू शकतो.